शेवटी मास्तरीणच ना?

मुलगी एम.एस्सी. झाली, पुढे पाच-सहा वर्षं खपून पीएच.डी. झाली, शेजारीपाजारी पेढे वाटून झाले, आणि मग एक दिवस बातमी आली की तिला कॉलेजात नोकरी लागली. ‘‘कुठल्या गं?’’ शेजारीण विचारते. ‘‘इथंच, कल्याणला.’’ शेजारीण क्षणभर थांबते आणि म्हणते, ‘‘म्हणजे एवढं सगळं करून शेवटी मास्तरीणच ना?’’

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्याही कानावर आलं असेल. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात गेली, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेली, नाहीतर अमेरिकेला गेली, तर ती ‘शास्त्रज्ञ’. कॉलेजात गेली की ती नुसती ‘बाई’.

याच बातमीचं दुसरं रूप सासरी ऐकायला मिळतं. ‘‘छान झालं! कॉलेजची नोकरी म्हणजे बायकांना किती सोयीची. दुपारी घरी, दिवाळीची सुट्टी, मे महिन्याची सुट्टी.’’ एक बाई हळहळते, दुसरी खूष होते, पण दोघींचा हिशेब एकाच ठिकाणी चुकतो. शिकवणं हे त्या मुलीचं काम आहे हे दोघींना दिसतं. विज्ञान हेही तिचं कामच आहे, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. आणि घरात काय किंवा ऑफिसात काय, जे काम कुणाच्या लक्षात येत नाही त्याचाच वेळ सर्वांत आधी कापला जातो. आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते या कापल्या जाणाऱ्या वेळाबद्दल.

सकाळची गाडी

विठ्ठलवाडी म्हणजे कल्याण सोडलं की कर्जतच्या बाजूचं पहिलं स्टेशन. पुढचं उल्हासनगर. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून ते उल्हासनगर उभं राहिलं, आणि त्या लोकांनी दुकानं-कारखान्यांबरोबर कॉलेजंही काढली. तलरेजा आणि चांदीबाई ही तिथली दोन नावं इथल्या घराघरांत माहीत आहेत. इकडे कल्याणात १९७२ साली बिर्ला कॉलेज निघालं, डोंबिवलीत पेंढरकर कॉलेज आलं. ज्या घरांत आधी कोणी बी.एस्सी.चं तोंड पाहिलं नव्हतं, अशा कितीतरी घरांतल्या मुलामुलींनी या पट्ट्यातल्या कॉलेजांत पहिल्यांदा हातात ब्युरेट धरलं.

सकाळी विठ्ठलवाडी स्टेशनवर उभ्या असलेल्या बायकांत अशी एखादी प्राध्यापिका असतेच. तिचं नाव सांगत नाही, कारण ती एक नाही, पुष्कळ आहेत. खांद्यावरच्या पिशवीत डबा, धुऊन घडी केलेला पांढरा ॲप्रन आणि तपासायला घरी आणलेल्या जर्नलांचा गठ्ठा. ‘जर्नल’ या शब्दाचे तिच्या आयुष्यात दोन अर्थ आहेत बरं का. एक म्हणजे विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकलची वही, जी तिने तपासायची. दुसरं म्हणजे ज्यात तिचा स्वतःचा शोधनिबंध छापून यायचा ते शास्त्रीय नियतकालिक. पहिल्या जर्नलांचा गठ्ठा संपला की मग दुसऱ्या जर्नलासाठी लिहायचं, असं ती रोज ठरवते. आणि पहिला गठ्ठा काही संपत नाही.

कॉलेजात पोचल्यावर पहिलं लेक्चर. मग तीन तास प्रॅक्टिकल. एका बॅचला वीस-पंचवीस मुलं, त्यात कोणी ॲसिड सांडतं, कोणाचं ब्युरेट गळतं, कोणाचा रंग बदलायचा तेव्हा बदलतच नाही. तीन तास उभं राहून पायांचे खांब होतात. त्यानंतर हजेरी, अंतर्गत परीक्षेचे गुण, प्रवेशाची कमिटी, ‘नॅक’च्या फायली, सुपरव्हिजन, पेपर तपासणी. दुपारी तीनच्या सुमारास ती मोकळी होते, तेव्हा प्रयोगशाळेचा शिपाई किल्ल्या हातात घेऊन दाराशी उभा असतो.

१८० तासांचा हिशेब

आपण बायका महिन्याचा वाणसामानाचा हिशेब करतो ना, तसा या वेळेचा करून पाहू.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पूर्णवेळ शिक्षकाचं काम आठवड्याला किमान ४० तासांचं, आणि असे वर्षाला ३० आठवडे. सहायक प्राध्यापकाने त्यातले १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे. लोक हे १६ तासच बघतात आणि म्हणतात, ‘‘बाकीचा वेळ काय करतात या?’’ पण वर्गातल्या एका तासामागे घरचा एखादा तरी तास तयारीचा असतो. वह्या, पेपर आणि फायली त्याच्यावर.

आता गंमत पाहा. याच आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत शिक्षकाच्या आठवड्यातले किमान ६ तास संशोधनासाठी ठेवावेत, असं लिहिलेलं होतं. म्हणजे संशोधन हा काही बाईंचा हौसेचा उद्योग नाही. नियम करणाऱ्यांनीच ते तिचं काम मानलं होतं. सहा तास गुणिले तीस आठवडे म्हणजे वर्षाला १८० तास. आठ-आठ तासांचे दिवस धरले तर साडेबावीस दिवस.

वर्षाचे साडेबावीस दिवस! मोठ्या संस्थेतला शास्त्रज्ञ तेवढे दिवस एका महिन्यात घालवतो. मग एवढ्याशा वेळात काही खरं विज्ञान होतं का, की नुसतं बढतीसाठी कागद रंगवायचे? शंका रास्त आहे. तिचं उत्तर आपल्याच स्वयंपाकघरातून देते.

वालाचं बिरडं आणि कमलाबाई

ठाणे जिल्ह्यात वालाचं बिरडं कोणाला सांगायला नको. वाल रात्री भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा, आणि मग मऊ शिजवायचा. कच्चे वाल कोणी खात नाही. का खात नाही? आजी म्हणायची, ‘‘पोटाला बाधतात.’’

आजीचं बरोबर होतं, आणि त्यामागचं एक कारण मुंबईच्या एका शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या विद्यार्थ्यांबरोबर शोधलं. त्या बाई म्हणजे डॉ. कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष पारखून बघू, अशा अटीवर त्यांना घेतलं. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवून दिलं की वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य असतं, आणि १९३९ साली पीएच.डी. घेऊन परत आल्या. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणींनी वाचलेली असते. पुढची गोष्ट कोणी फारशी सांगत नाही, आणि आपल्याला हवी आहे ती तीच. दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज आणि कुन्नूरची पोषणाची प्रयोगशाळा असं करत, १९४७ साली लग्न झाल्यावर त्या मुंबईला आल्या. फोर्टमधल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग निघाला होता, तिथे त्या शिकवू लागल्या. केंब्रिजची प्रयोगशाळा मागे राहिली. आता समोर होते वर्ग, परीक्षा आणि विद्यार्थी. घरी संसार आणि मुलं. तेव्हाही कोणीतरी म्हणालंच असेल, ‘‘केंब्रिजला जाऊन शेवटी मास्तरीणच ना?’’

कमलाबाईंनी काय केलं? त्यांनी प्रश्नच असे निवडले की जे विद्यार्थ्यांच्या हातून, हाताशी असलेल्या सामानात सुटतील आणि ज्यांचं उत्तर लोकांच्या ताटापर्यंत पोचेल. कडधान्यं, भाताचं पीठ, नीरा. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरेत आणि ताडगुळात जीवनसत्त्वं आणि लोह असतं, आणि ती दिल्याने आदिवासी भागातल्या कुपोषित मुलामुलींची आणि गरोदर बायकांची तब्येत सुधारते, हे या कामातून पुढे आलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं.

आणि वाल? आपण खाल्लेली प्रथिनं पचवण्यासाठी शरीर ‘ट्रिप्सिन’ नावाचा पाचक रस वापरतं. वालात आणि डबल बीनमध्ये या ट्रिप्सिनलाच अडवणारं द्रव्य असतं. ते कमलाबाईंनी विद्यार्थ्यांच्या साथीने वेगळं काढलं, त्याचे स्फटिक मिळवले, आणि १९५५ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात ते काम छापून आलं. केंब्रिजमधून नव्हे, मुंबईच्या एका शिकवणाऱ्या संस्थेतून!

(तेवढ्यात एक घरगुती सूचना सांगून टाकते. हे अडवणारं द्रव्य उष्णतेने बरंचसं निकामी होतं. म्हणून वाल, पावटा, राजमा यांना नुसते मोड आणून ते कोशिंबिरीत कच्चे घालू नका. भिजवलेलं पाणी टाकून द्या आणि दाणा बोटाने सहज चेपेल इतका मऊ शिजवा. मुगाचे मोड कच्चे चालतात म्हणून वालाचे चालतील, असं समजू नका.)

पुढे कमलाबाई त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. ते पद त्यांना उशिराच मिळालं. मुंबईतल्या नऊ बायकांनी १९६६ साली सुरू केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीचं कामही त्यांनी केलं, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या आणि ‘कीमत’ या तिच्या मासिकात भेसळीविषयी, ग्राहकांच्या सुरक्षेविषयी लिहीत राहिल्या. १९९८ साली त्या गेल्या. त्यांची ती फोर्टमधली संस्था आज होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग आहे.

तराजू आणि मटार

कोणी म्हणेल, कमलाबाई असामान्य होत्या, त्यांचं उदाहरण आम्हाला काय कामाचं? म्हणून आणखी दोन उदाहरणं थोडक्यात देते.

गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, पण त्याआधी बारा-एक वर्षं ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. त्या काळात त्यांनी काय केलं? जुनी नाणी तोलली. नाणं हातोहाती फिरतं तसं झिजतं आणि हलकं होतं. हजारो नाण्यांचं वजन करून, त्या आकड्यांवर गणित करून त्यांनी कुठली नाणी जास्त काळ फिरली असतील याचा अंदाज बांधला. याच वर्षांतलं त्यांचं आणखी एक सूत्र १९४४ साली प्रसिद्ध झालं. आनुवंशिकी शिकणाऱ्यांना ते आजही ‘कोसंबी मॅप फंक्शन’ या नावाने माहीत आहे. सामान काय लागलं? एक चांगला तराजू, कागद आणि पेन्सिल.

दुसरे युरोपातले ग्रेगर मेंडेल. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे म्हणून त्यांचं नाव पाठ्यपुस्तकात असतं. पण ब्रुनच्या शाळेत ते चौदा वर्षं बदली शिक्षक होते आणि शिक्षकाच्या परीक्षेत दोनदा नापास झालेले होते, हे पाठ्यपुस्तकात नसतं. शाळा सांभाळून त्यांनी मठाच्या बागेत मटार लावले. आठ वर्षांत सुमारे २८,००० रोपं वाढवली आणि त्यांचे दाणे मोजले. गोल किती, सुरकुतलेले किती, हिरवे किती, पिवळे किती.

तिघांचं साम्य बघितलंत ना? वाल, नाणी आणि मटार. कुणीही महागड्या यंत्राची वाट पाहत बसलं नाही. शिकवण्याच्या कामात बसेल असा प्रश्न निवडायचा आणि त्याला वर्षानुवर्षं चिकटून राहायचं, हीच या नोकरीतल्या विज्ञानाची रीत आहे. वर्षाचे साडेबावीस दिवस थोडे वाटतात, पण दहा वर्षं एकाच प्रश्नाला दिले तर ते सव्वादोनशे दिवस होतात.

वालधुनीचं पाणी

आता पुन्हा विठ्ठलवाडीला येऊ. अंबरनाथच्या बाजूच्या डोंगरांतून निघून, इसवी सन १०६० च्या त्या पुरातन शिवमंदिराजवळून, उल्हासनगर-विठ्ठलवाडीतून कल्याणच्या खाडीकडे जाणारी आपली वालधुनी. आज तिला कोणी नदी म्हणत नाही, नाला म्हणतात. कारखान्यांचं पाणी, सांडपाणी आणि कचरा, सगळं तिच्या पोटात. २००५ च्या जुलैतल्या पुरात तिने किती घरं भिजवली ते इथल्या बायका विसरलेल्या नाहीत.

या नदीचं पाणी तपासायला काय लागतं? काचेची बुच असलेली बाटली, मँगनीज सल्फेट, आयोडाइडचं द्रावण, ॲसिड, ब्युरेट आणि थोडी स्टार्चची पेज. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची ही विंकलरची पद्धत १८८८ सालची आहे आणि बी.एस्सी.ची मुलगी ती दोन प्रॅक्टिकलांत शिकते. बाटली नदीवर भरायची आणि तिथल्या तिथे दोन द्रावणं घालायची. तपकिरी साका बसला तर पाण्यात ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर समजायचं, इथे मासा जगणार नाही. हा रंग बघायला डॉक्टरेट लागत नाही. पण तोच रंग एकाच ठिकाणी, दर महिन्याला, पाच वर्षं न चुकता बघायला मात्र शास्त्रज्ञ लागते.

आणि इथेच शिकवणाऱ्या कॉलेजाकडे एक गोष्ट अशी आहे, जी मोठ्या संस्थेकडे नाही. ती म्हणजे विद्यार्थी. एक मुलगी अंबरनाथला राहते, एक उल्हासनगरच्या कॅम्पात, एक विठ्ठलवाडीला, एक कल्याणच्या खाडीकडे. सकाळी येता येता चौघी चार बाटल्या भरून आणतात, आणि एका सकाळचं सबंध नदीचं चित्र टेबलावर उभं राहतं. एकच नमुना वीस जणांनी तपासला की कुणाचा आकडा किती चुकतो तेही कळतं. शिकवणंही झालं आणि संशोधनही. उल्हास आणि वालधुनी यांच्या पाण्यावर आजवर जे निबंध छापले गेले, त्यांत कॉलेजांतल्या शिक्षकांनी केलेलं कामही आहे.

एक मात्र खरं. दर जूनमध्ये नवीन मुली, आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून पिपेट धरायला शिकवायचं. आदल्या वर्षी तयार झालेला हात नेमका मार्चमध्ये निघून जातो. पण तीच मुलगी पुढे एखाद्या औषध कंपनीत, पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत, नाहीतर स्वतःच्या पीएच.डी.ला जाते तेव्हा बाईंचं विज्ञान तिच्याबरोबर जातं.

जे सोपं नाही ते

मैत्रिणींनो, सगळं गोडगोड सांगून मला तुम्हाला फसवायचं नाही.

पहिली अडचण नोकरीचीच. अनुदानित कॉलेजांतली भरती वर्षानुवर्षं रखडते आणि जागा तासिका तत्त्वावर भरल्या जातात. म्हणजे जेवढे तास शिकवलं तेवढेच पैसे. अशा बाईला तपासणीची, तयारीची कमाई नाही, मग संशोधनाची कुठून असणार? पीएच.डी. झालेल्या कितीतरी मुली दोन-दोन कॉलेजांत धावून तास घेतात आणि मे महिन्यात हात रिकामे.

दुसरी अडचण सामानाची. रसायनं अभ्यासक्रमापुरती येतात. यंत्र बिघडलं तर दुरुस्तीला महिनोन्‌महिने. हवं ते उपकरण दुसऱ्या संस्थेत असतं, तिथे ओळख काढून, रजा टाकून जावं लागतं.

तिसरी अडचण छापण्याच्या घाईची. बढतीसाठी शोधनिबंध मोजले जाऊ लागले, तशी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं उगवली. आयोगाने चांगल्या नियतकालिकांची ‘केअर’ यादी केली होती, ती २०२५ साली बंद केली. आता चांगलं-वाईट पारखायची जबाबदारी बाईंवर आणि कॉलेजवर आली आहे. महिन्याभरात छापून देतो, इतके हजार पाठवा, असं पत्र आलं की ते सरळ टोपलीत टाकावं.

चौथी अडचण एकटेपणाची. विभागात तिच्या विषयावर बोलायला दुसरं कोणी नसतं. घरी सांगावं तर, ‘‘किती पगार वाढणार त्याने?’’

त्यातच नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथं वर्ष आलं आहे, आणि ते संशोधन करून पूर्ण करण्याची सोय आहे. म्हणजे इथून पुढे विद्यार्थ्यांचं संशोधन हे या बाईंच्या शिकवण्याचाच भाग होत जाणार. ज्या बाईंचे हे तास आतापर्यंत इकडे-तिकडे गेले, त्या मुलांना संशोधन शिकवणार कशा?

घरच्यांनी एवढं करावं

कॉलेजची व्यवस्था आपल्या हातात नाही, पण घर तर आहे? तुमची सून, मुलगी, जाऊ किंवा तुम्ही स्वतः या नोकरीत असाल, तर चार गोष्टी करून पाहा.

एक: आठवड्यातला तिचा संशोधनाचा दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा. आपण दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख त्याच्यावर लिहितोच ना? तिथेच ‘शनिवार, प्रयोगशाळा, दोन ते सहा’ असं लिहा. कागदावर आलेला वेळ घरातली माणसं मानतात. तोंडी सांगितलेला पाहुणे आले की मोडतो.

दोन: त्या दिवशीचा संध्याकाळचा स्वयंपाक तिच्याकडे नको. आदल्या रात्री कणीक मळून फ्रीजमध्ये, भाजी चिरून डब्यात, नाहीतर सरळ पिठलं-भात. आठवड्यात एक दिवस पिठलं-भात खाल्ल्याने कुणाचं काही बिघडत नाही. आणि पिठलं नवऱ्यालाही येतं, शिकवलं तर.

तीन: ‘सुट्टी’ या शब्दाने फसू नका. दिवाळीत आणि मेमध्ये तिच्यापुढे पेपरांचे गठ्ठे असतात, आणि सलग प्रयोग करायला तोच काळ मिळतो. लग्नकार्यं, मुंजी, बोहारणीची भांडी आणि पापड-कुरडयांचं वर्षाचं काम असं सगळं ‘तिला सुट्टीच आहे’ म्हणून तिच्या अंगावर टाकू नका.

चार: सुरक्षिततेची एक साधी गोष्ट. प्रयोगशाळेतला ॲप्रन बाळाच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नये, वेगळा धुवावा. डबा प्रयोगशाळेच्या टेबलावर उघडू नये. घरी आल्यावर आधी हात साबणाने धुवावेत, मग मूल उचलावं. गरोदर असेल तर कुठली रसायनं हाताळते ते तिने डॉक्टरांना सांगावं आणि विभागप्रमुखांनाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि मुलींनो, तुमच्यासाठी

नेट किंवा सेट ही परीक्षा लवकर द्या. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी तीच किमान पात्रता ठरवली आहे. महाराष्ट्राची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं.

पीएच.डी. करताना लग्न, बाळंतपण आलं तर घाबरून सोडून देऊ नका. आयोगाच्या २०२२ च्या नियमांत स्त्रियांना मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आहे, आणि बाळंतपण व बालसंगोपन यांसाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. शिक्षणात खंड पडलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ‘वाइज-किरण’ योजना आहे, तिची माहिती काढा.

मुलाखतीला गेलात की पगाराबरोबर आणखी काही गोष्टी विचारा. जागा कायम आहे की तासिका तत्त्वावर? आठवड्याचे प्रत्यक्ष तास किती? शनिवारी दुपारी प्रयोगशाळा उघडी मिळेल का, आणि किल्ली कोणाकडे असते? रसायनांसाठी वेगळी रक्कम आहे का? हे विचारलं म्हणून कोणी नोकरी नाकारत नाही. उलट, ही बाई कामाची आहे हे समोरच्याला कळतं.

आणि पहिल्या वर्षीच एक प्रश्न निवडा. तुमच्या गावातला, तुमच्या विद्यार्थ्यांच्या हाताला झेपणारा, आणि दहा वर्षं टिकणारा. त्याची एक वही घाला. तारीख, वेळ, आकडा. फसलेल्या प्रयोगाचा आकडाही खोडू नका.

त्या शेजारणीला काय उत्तर द्यायचं, असं कोणी मला विचारलं तर मी म्हणेन, भांडू नका. ‘‘हो, मास्तरीणच आहे,’’ असं सांगा. ‘‘आणि येत्या शनिवारी वालधुनीवर पाणी भरायला जाणार आहे. तुमच्या मुलीला पाठवा बरोबर, तिलाही शिकायला मिळेल.’’ बहुतेक ती पाठवेल. आणि आलीच ती मुलगी, तर तिच्या हातात नुसती बाटली देऊ नका, वहीही द्या.